सिलिंडरच्या सीलपासून बूमच्या तपासणीपर्यंत : आमची वाटचाल

भोसरीत गाळा घेतला तेव्हा पाटीवर ‘हायड्रॉलिक रिपेअर’ एवढंच होतं. जेसीबीचे, टिपरचे सिलिंडर यायचे. सील बदलून, रॉडला हार्ड क्रोम करून परत जायचे. काम भरपूर, उधारी त्याहून भरपूर. बकेट गाड्या, म्हणजे माणसाला बकेटमध्ये उभं करून बूमने (लांब यांत्रिक हाताने) वर उचलणाऱ्या गाड्या, आल्या त्या पथदिव्यांच्या ठेकेदारांमुळे. तक्रार ठरलेली असायची: ‘बूम आपोआप खाली येतो, सील टाकून द्या.’

पण दोष दर वेळी सीलमध्ये नसतो. सिलिंडरलाच एक होल्डिंग व्हॉल्व्ह बसवलेला असतो. होज (तेलाची नळी) फुटला तरी तेल अडकून राहावं आणि बकेट जागेवर थांबावी, हे त्याचं काम. तेलातला कचरा त्याच्या सीटवर बसला की बूम उतरायला लागतो. म्हणून आम्ही आधी बकेटमध्ये माणूस नाही, तर क्षमतेइतकी वाळूची पोती ठेवतो, बूम उचलून इंजिन बंद करतो आणि रॉडवर मार्करने रेघ मारतो. रेघ सरकली तर आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग सिलिंडर. यात सीलचा धंदा थोडा बुडाला, पण त्याच गाड्या वर्षाच्या तपासणीला यायला लागल्या.

कारखानेवाल्यांना हे समजवावं लागत नसे. तेव्हा लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं कलम २९ त्यांना पाठ असायचं. उचल यंत्राची १२ महिन्यांतून एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी. ठेकेदार मात्र म्हणायचे, ‘गाडी चालतेय ना, मग?’

खरी डोकेदुखी रंगाची. तपासणीला आणायच्या आदल्या दिवशी गाडी चकाचक रंगवून आणतात, आणि भेग नेमकी रंगाखाली लपते. आम्ही बूमचा कोपर, टर्नटेबलचा (बूम ज्यावर फिरतो त्या चकतीचा) पाया, सिलिंडरचे कान इथला रंग खरवडतोच. मालक कितीही कुरकुरला तरी. मग वेल्डवर भेगेत शिरणारं लाल पेनिट्रंट मारायचं, १०-१५ मिनिटं थांबायचं, पुसायचं आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. ती मालकाच्या डोळ्यांसमोर उमटली की दराची घासाघीस तिथेच थांबते. अशा भेगेवर नुसतं वेल्डिंग ओढून द्यायला आम्ही तयार नसतो. बूम बनवणाऱ्याची रीत आणि मूळ पोलाद माहीत असल्याशिवाय नाही. काही गिऱ्हाइकं त्यावरून दुसरीकडे गेली, जाऊ देत.

सांध्यातल्या पिन आणि बुशमधला ढिलेपणा, टर्नटेबलचे बोल्ट टॉर्क रेंचने, गाडीला टेकू देणारे आउटरिगरचे पाय, इमर्जन्सी पंप हे सगळं ओघाने येतंच. होजची गळती हाताने चाचपायची नाही, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावतो. सुईएवढ्या छिद्रातून दाबाने आलेलं तेल कातडी भेदून आत जातं. पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा.

आणखी एक गोष्ट गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो: पोलादी बूमला इन्सुलेशन नसतं. चालू लाइनजवळ ती गाडी न्यायची नाही. फायबरचा बूम असला तरी त्यावर धूळ आणि ओल बसली की भरवसा नाही. तो स्वच्छ हवा आणि त्याची डायइलेक्ट्रिक टेस्ट (वीज अडवतो का याची चाचणी) वेळच्या वेळी झालेली हवी.

गणपतीच्या आधी रोषणाईच्या कामांची घाई असते, तेव्हा सगळ्यांनाच ‘उद्या’ रिपोर्ट हवा असतो. आता जूनमध्येच फोन करून गाड्या मागवतो. पुण्याबाहेर आम्हीच जातो, पोती आणि स्प्रेचे डबे टेम्पोत घालून. गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो, बूम धुऊन ठेवा, रंगवू नका.