नवी बास बोट लावून घेताना आणि चालवायला शिकताना

एकवीस फुटांची फायबरग्लासची बास बोट, मागे २५० हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड. ही बोट ताशी ७० मैलांच्या पुढे जाते आणि तिला ब्रेक नसतो. त्या वेगात तिच्या तळाचा मागचा थोडासाच भाग पाण्याला टेकलेला असतो, बाकी बोट हवेत. त्यामुळे ती कशी चालणार हे तुम्ही स्टिअरिंगवर बसण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं: इंजिन किती उंचीवर बसवलंय, प्रॉप (इंजिनाचा पाण्यातला पंखा) कोणता आहे आणि वजन कुठे ठेवलंय. डॅलसच्या आसपास राहणाऱ्या आणि रे रॉबर्ट्स, लूइसव्हिल किंवा लेक फोर्क या तलावांवर बास मासे पकडायला जाणाऱ्या मराठी मंडळींपैकी कुणी नवी बोट घेतली असेल, तर वेग किती मिळतो हे बघण्याआधी टेप काढून मोजमाप घ्या, असं माझं ठाम मत आहे.

डीलर बोट देतो ती चालण्याइतपत लावलेली असते. तुमच्या वजनाला, तुमच्या सामानाला जुळवलेली नसते.

पहिलं माप इंजिनाच्या उंचीचं. बास बोटीच्या तळाला मधोमध, मागच्या टोकाकडे एक अरुंद सपाट पट्टी असते, तिला पॅड म्हणतात. पूर्ण वेगात बोट या पॅडवर तोललेली असते. प्रॉपच्या शाफ्टचा मध्य पॅडच्या किती खाली आहे, हे आपल्याला हवं. बोट ट्रेलरवर असतानाच हे मोजता येतं. इंजिन ट्रिम करून, म्हणजे बटणाने त्याचा कोन वर-खाली करून, प्रॉपच्या वरची आडवी प्लेट पॅडला समांतर आणा. एक सरळ, लांब पट्टी पॅडला घट्ट टेकवून मागे इंजिनापर्यंत न्या आणि पट्टीच्या वरच्या कडेपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. इंजिन बोटीपासून दहा-बारा इंच मागे धरणाऱ्या (सेटबॅक) आणि वर-खाली करणाऱ्या जॅक प्लेटवर साडेतीन इंच खाली ही सुरुवातीला सुरक्षित जागा आहे. आकडा जॅक प्लेटवरच मार्करने लिहून ठेवा.

तिथून एका वेळी पाव इंच वर. प्रत्येक पायरीला एकाच मार्गावर दोन्ही दिशांनी बोट पळवा, म्हणजे वाऱ्याचा फरक निघून जातो, आणि तीन आकडे टिपा: जीपीएसवरचा वेग, आरपीएम आणि कूलिंगच्या पाण्याचं प्रेशर. इंजिन वर गेलं की त्याचा खालचा भाग पाण्यात कमी ओढला जातो, म्हणून वेग वाढतो. पण पाणी आत घेणारी भोकंही त्याच भागावर असतात. ती पृष्ठभागाच्या फार जवळ आली की पाण्याबरोबर हवा खेचतात, आणि प्रेशर एका पायरीत एकदम पडतं. असं झालं की पाव इंच खाली या आणि तिथेच थांबा. प्रेशर ठीक आहे पण आरपीएम चढतोय आणि वेग जागेवरच आहे, तर प्रॉप पाण्याऐवजी हवा कापतोय. तेव्हाही खालीच यायचं. एक-दीड मैल जास्त मिळावा म्हणून इंजिन तापवणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं.

मग प्रॉप. पिच म्हणजे एका फेऱ्यात प्रॉप तत्त्वतः किती इंच पुढे जाईल, तो आकडा. पिच एक इंचाने कमी केला की आरपीएम साधारण १५० ते २०० ने वाढतो. नेहमीचं वजन घेऊन पूर्ण थ्रॉटलवर इंजिन त्याच्या पुस्तकात दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या टोकाजवळ पोचायला हवं. यामाहाच्या २५० व्हीमॅक्स एसएचओला हा पट्टा ५,००० ते ६,००० आहे. तिथे ५,५०० वरच अडकलात तर पिच जास्त आहे आणि इंजिन दमतंय. लिमिटरला (आरपीएम रोखणाऱ्या यंत्रणेला) धडकत असाल तर पिच कमी पडतोय. चार पात्यांचा प्रॉप मागचा भाग उचलून धरतो, पाणी घट्ट पकडतो आणि लाटांत, वळणांत भरवशाचा असतो. तीन पात्यांचा बऱ्याच बोटींवर पुढचं टोक जास्त उचलतो आणि सरळ रेषेत थोडा वेग देतो. नव्या माणसाने चार पात्यांचाच घ्यावा.

स्लिप, म्हणजे प्रॉपच्या तत्त्वतः वेगापेक्षा बोट किती टक्के मागे पडते, ते स्वतः काढा, गणित सोपं आहे. आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो, भागिले १,०५६. समजा ५,९०० आरपीएम, २५ पिच, रेशो १.७५. उत्तर ताशी जवळजवळ ८० मैल. जीपीएस ७२ दाखवत असेल तर स्लिप १० टक्के. आठ ते बारा टक्के असेल तर जुळणी चांगली आहे. पंधराच्या वर गेली तर इंजिन फार उंच आहे, ट्रिम जास्त आहे किंवा पातं कुठेतरी वाकलंय.

ही सगळी चाचणी रिकाम्या बोटीत करण्यात अर्थ नाही. पेट्रोल गॅलनला सुमारे सहा पौंड भरतं, म्हणजे ४० गॅलनची टाकी २४० पौंडांची. लाइव्हवेलमधलं (मासे जिवंत ठेवायच्या टाकीतलं) ३० गॅलन पाणी आणखी २५० पौंड, आणि तेही मागच्या बाजूला. म्हणून अर्धी टाकी, दोन माणसं, रॉड, टॅकल असं सगळं जागच्या जागी ठेवून आकडे घ्या. जड टॅकल मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखं.

बॅटऱ्यांचाही याच हिशोबात विचार करावा लागतो. ३६ व्होल्टच्या ट्रोलिंग मोटरला (मासे पकडताना बोट हळू सरकवणाऱ्या विजेच्या मोटरला) १२ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सीरिजमध्ये लागतात. ग्रुप ३१ ची एजीएम (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटरी ७० पौंडांच्या आसपास असते, १०० अँपिअर-तासांची लिथियम साधारण ३० पौंडांची. तिन्ही बदलल्या की बोटीच्या मागच्या टोकावरून शंभरावर पौंड उतरतात. पुढचं टोक आता तुलनेने जड झालेलं असतं आणि ट्रिमचं आधीचं गणित बदलतं. बॅटऱ्या बदलल्यावर उंचीची चाचणी पुन्हा करायची ती यासाठी. चार्जरचं सेटिंगही लिथियमवर आणायला विसरू नका. ट्रोलिंग मोटरच्या लाइनवर ६० अँपिअरचा ब्रेकर हवाच, तोही बॅटरीजवळ. सीरिज जोडताना एका बॅटरीचा प्लस दुसरीच्या मायनसला जातो. जंपर चुकून त्याच बॅटरीच्या दोन टोकांना लागला तर शॉर्ट होतो आणि वायर क्षणात वितळते, म्हणून हे काम दिवसाउजेडी आणि अंगठी-घड्याळ काढून करा.

फिश फाइंडर इंजिन स्टार्ट करताना बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर दोष बहुतेक वेळा फाइंडरचा नसतो. तो इंजिन सुरू करणाऱ्या क्रँकिंग बॅटरीवर, कारखान्याच्या बारीक वायरने जोडलेला असतो आणि स्टार्टर फिरताना व्होल्टेज कोसळतं. त्याला बॅटरीपासून थेट जाड वायर द्या, फ्यूजसकट. जमल्यास बॅटरीही वेगळी द्या.

पाण्यात उतरण्याआधी स्टिअरिंग पाहा. चाक हलवताच इंजिन हललं पाहिजे. मध्ये मोकळी जागा जाणवली किंवा चाक स्पंजासारखं दबलं तर हायड्रॉलिकच्या तेलात हवा आहे, ती काढून घ्या. इंजिन आणि जॅक प्लेटचे बोल्ट पहिल्या काही तासांनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे, कारण फायबरग्लास दबून ते थोडे सैल होतात.

नव्या इंजिनाला ब्रेक-इनचे, म्हणजे हळूहळू रुळवण्याचे, १० तास द्यावे लागतात. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. यामाहाच्या रीतीत पहिल्या तासात २,००० आरपीएमच्या आसपासच राहायचं, दुसऱ्या तासात थोडं वाढवायचं, उरलेल्या आठ तासांत पूर्ण थ्रॉटल सलग पाच मिनिटांपेक्षा जास्त नाही. हा वेळ वाया जात नाही. बोट धक्क्याला लावणं, वाऱ्यात रिव्हर्स घेणं, ट्रोलिंग मोटर उतरवणं-चढवणं, हे सगळं हातात बसवायची हीच वेळ.

आता चालवणं. किल स्विचची दोरी (माणूस फेकला गेला तर इंजिन बंद करणारी) आधी लाइफ जॅकेटला. २६ फुटांपेक्षा लहान बोटींना प्लेनवर (पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकत) असताना ती लावणं १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंधनकारक आहे. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला १५ हॉर्सपॉवरच्या वरची बोट चालवायला बोटर एज्युकेशनचं प्रमाणपत्रही लागतं. जमल्यास पायाने दाबायचं फूट थ्रॉटल आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरचा ट्रिम बसवून घ्या. वेगात दोन्ही हात चाकावर राहणं ही सोय नव्हे, गरज आहे.

निघताना ट्रिम पूर्ण खाली, थ्रॉटल सलग आणि ठामपणे. पुढचं टोक वर येईल, काही क्षण समोरचं दिसणार नाही, मग ते खाली बसेल: बोट प्लेनवर आली. इथे घाबरून अर्ध्यात थ्रॉटल सोडू नका, नाहीतर बोट नाक वर करून पाणी नांगरत राहते. ताशी तीसच्या पुढे गेलात की ट्रिमचं बटण छोट्या टिचक्यांनी वर. प्रत्येक टिचकीनंतर थांबा. चाक हलकं होतं, आरपीएम थोडा चढतो, आणि बाजूने उडणारं पाणी बोटीच्या तळाच्या आणखी मागच्या भागातून निघू लागतं. नजरेच्या कोपऱ्यात तो फवारा ठेवा. बोट किती उचलली गेली आहे हे तो कुठल्याही गेजच्या आधी सांगतो. पुढचं टोक तालात वरखाली होऊ लागलं तर ट्रिम जास्त झाला, दोन टिचक्या खाली घ्या.

ताशी साठ मैलांच्या पुढे चाइन वॉक भेटतो. बोट आता अरुंद पॅडवर तोललेली असते. उजवीकडे फिरणाऱ्या प्रॉपच्या प्रतिक्रियेने ती डावीकडे कलते, तुम्ही चाक फिरवून सावरता, ती उजवीकडे पडते, आणि प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा होतो. कारण जवळजवळ नेहमी एकच: माणूस बोट कलल्यावर सावरायला जातो, म्हणजे अर्धा क्षण उशिरा. क्षितिजावरचं एखादं झाड धरून नजर तिथे ठेवायची, चाकावर हलका पण सततचा दाब ठेवायचा आणि दुरुस्त्या अगदी बारीक करायच्या. झोका वाढलाच तर थ्रॉटल किंचित कमी आणि ट्रिम थोडा खाली. थ्रॉटलवरचा पाय एकदम उचलायचा नाही. उचललात तर पुढचं टोक धपकन खाली येतं, पाण्यात रुततं आणि बोट त्याच्याभोवती गर्रकन फिरते. त्यात माणसं बाहेर फेकली जातात. चाकात मोकळी जागा असेल तर बारीक दुरुस्ती शक्यच नसते, म्हणून स्टिअरिंगची तपासणी आधी सांगितली. पन्नासवर सहज वाटू लागलं की पंचावन्न, असं चढत जा. साठ-सत्तरचा सराव सकाळी, शांत पाण्यावर, बोटीत दुसरं कुणी नसताना.

वळणाआधी वेग कमी आणि ट्रिम खाली. ट्रिम वर ठेवून जोरात वळलात तर प्रॉप पाणी सोडतो आणि बोट बाजूला घसरते. समोरून लाटा असतील तर ट्रिम खाली घेऊन पुढच्या भागाच्या व्ही आकाराने त्या कापा. लाटा मागून येत असतील तर पुढचं टोक थोडं वर, म्हणजे ते पुढच्या लाटेच्या पाठीत घुसत नाही. थांबताना हळूहळू प्लेनवरून खाली या. एकदम थांबलात तर तुमचीच लाट मागून बोटीत चढते.

लेक फोर्कची गोष्ट वेगळी. सुमारे २७,००० एकरांचा हा तलाव १९८० च्या दशकात भरला, तेव्हा बरीच झाडं तशीच उभी ठेवली गेली. टेक्सासचा आजही टिकून असलेला १८.१८ पौंडांच्या बासचा विक्रम १९९२ मध्ये इथलाच. मासे त्या झाडांतच असतात आणि बोटींच्या इंजिनाच्या पाण्यातल्या भागाचा चुराही तिथेच होतो. बॉयांनी (तरंगत्या खुणांनी) आखलेल्या बोट लेनमध्येच प्लेनवर राहा. लेन सोडली की आयडलवर, इंजिन थोडं वर ट्रिम करून. पाणी उतरलं की मागच्या महिन्यात बुडालेलं खोड आता दोन इंचांवर असतं आणि ते नकाशात दिसत नाही.

रॅम्पवर ट्रेलर किती बुडवायचा? फेंडरचे माथे जेमतेम पाण्याबाहेर दिसतील इतका. जास्त बुडवला तर बोट तरंगत बाजूला सरकते, तिरकी बसते. थ्रॉटल मारून बोट ट्रेलरवर चढवू नका. प्रॉपचा झोत रॅम्पच्या टोकाची माती उकरतो, तिथे खड्डा पडतो आणि पुढच्याच्या ट्रेलरचं चाक त्यात अडकतं. विंच वापरा.

बाहेर आल्यावर ड्रेन प्लग काढून लाइव्हवेल आणि बिल्जमधलं (बोटीच्या तळात साठलेलं) सगळं पाणी तिथेच सोडायचं. झेब्रा मसल (पाण्याबरोबर पसरणारे उपद्रवी शिंपले) २००९ मध्ये टेक्सोमा तलावात सापडले, आणि २०१४ पासून पाणी काढल्याशिवाय तलाव सोडणं टेक्सासभर बेकायदा आहे. घरी चार्जर त्याच संध्याकाळी लावा, एजीएम रिकामी पडून राहिली की खराब होते. अधूनमधून ट्रोलिंग मोटरचा आणि मोठ्या इंजिनाचा प्रॉप काढून शाफ्टवर फिशिंग लाइन गुंडाळली गेलीय का बघा. ब्रेड (विणलेली) लाइन सील कापते, गिअरकेसमध्ये पाणी शिरतं, आणि तेल दुधाळ दिसेपर्यंत ते कळत नाही.