नत्राचा माग काढत गोठे पाहताना

अन्नद्रव्यांचं चक्र पाहायला दूध व्यवसायाच्या दौऱ्यावर निघालात, तर दूध काढण्याची यंत्रं शेवटी पाहा. अशा दौऱ्यात गव्हाण, मूत्राची नाली, स्लरीचा (शेणामूत्राच्या पातळ मिश्रणाचा) खड्डा आणि मग शेत हा क्रम फार उपयोगी पडतो. रोग पसरू नये म्हणून आणखी एक क्रम पाळाच: आधी वासरं, मग मोठी जनावरं. एका गोठ्यातून दुसऱ्याकडे जाताना बूट घासून, धुऊन मगच जंतुनाशकात बुडवा. शेण चिकटलेलं असेल तर जंतुनाशक लागू पडत नाही.

गव्हाणीशी हिशेब मागा. खाद्यातल्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण पाव हिस्साच दुधात उतरतो, उरलेला बहुतेक शेणामूत्रात जातो. १००० लिटर दुधातून सुमारे ५.३ किलो नत्र बाहेर जातं. ४०% प्रथिनांची १ टन पेंड मात्र ६४ किलो नत्र आत आणते (प्रथिनाला ६.२५ ने भागायचं). तेवढं नत्र दुधावाटे बाहेर पडायला १२,००० लिटर दूध लागेल! म्हणून पेंडेच्या पावत्या आणि दुधातल्या युरिया नत्राचे अहवाल आवर्जून पाहा. हे युरिया नत्र १०० मिलिलिटर दुधामागे १४ मिलिग्रॅमच्या वर सतत राहत असेल, तर प्रथिनं जास्त होताहेत किंवा ऊर्जा कमी पडतेय.

सगळ्यात जास्त वेळ नालीपाशी द्या. मूत्रातला युरिया शेणातल्या युरिएजला (युरिया फोडणाऱ्या विकराला) भेटला की काही तासांतच त्याचा अमोनिया होतो. डोळे चुरचुरले की समजा, खत हवेत चाललंय. चांगल्या गोठ्यात जमिनीला मीटरमागे दीड-दोन सेंटिमीटर उतार असतो आणि मूत्र शेणात न मुरता वाहून जातं. खळगे पडले असतील तिथे हे सगळं फसतं.

बायोगॅस संयंत्रात नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) जळत नाहीत; ते स्लरीतच राहतात. उलट अमोनियमचा, म्हणजे सहज अमोनिया होऊन उडणाऱ्या नत्राचा, वाटा वाढतो, त्यामुळे उघड्या खड्ड्यात नुकसानही जास्त. झाकण आहे का, आणि शेतात टाकल्यावर किती तासांत मातीआड करतात, हे विचारा. वारा नसताना, संध्याकाळी टाकून लगेच वखरणी केलेली उत्तम. स्लरी ढवळत असताना खड्ड्याजवळ अजिबात थांबू नका: हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की वासच येईनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो.

कंपोस्टची मूठ दाबून पाहा. बोटांच्या फटीत ओल दिसावी, पण धार लागू नये. नुसत्या ओल्या शेणाचा ढीग कुजट वास मारतो. त्यात काड, भुसा मिसळून कर्ब (कार्बन)-नत्र प्रमाण २५ ते ३० वर आणावं लागतं.

शेवटी गोठ्यालगतच्या आणि सर्वांत लांबच्या, अशा दोन्ही शेतांचे माती परीक्षण अहवाल शेजारी ठेवून वाचा. स्लरीचा टँकर लांब न्यायचा कंटाळा असेल, तर जवळच्या शेतात स्फुरद-पालाश साचलेला दिसेल. अशा शेतातली पालाशयुक्त वैरण विण्याआधीच्या ३ आठवड्यांत भाकड गाईंना देऊ नये; व्यायल्यावर दुग्धज्वराचा (रक्तातलं कॅल्शियम घटून होणाऱ्या आजाराचा) धोका वाढतो.