आजोबांवरचा निबंध, ६५० शब्दांत

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या अर्जासाठी निबंध लिहायला बसलं की नागपूरच्या मुलांना आधी तेच चार-पाच विषय सुचतात: आजी-आजोबा, खेळातली दुखापत, वस्तीतल्या मुलांना शिकवणं, ऑलिम्पियाडमध्ये हुकलेला नंबर. मी आजोबांचा घेतला. विषय नेहमीचा आहे म्हणून टाकून द्यायची गरज नाही. नेहमीची असते ती मांडणी: आजोबा कष्टाळू, त्यांनी मला चिकाटी शिकवली, मी त्यांची ऋणी आहे. ती तेवढी सोडावी लागते.

कॉमन ॲप म्हणजे एकाच फॉर्मवर अनेक कॉलेजांना अर्ज करायची वेबसाइट. तिथे मुख्य निबंध एकच, २५० ते ६५० शब्दांचा. सात प्रश्नांपैकी एक निवडायचा, आणि सातवा म्हणजे स्वतःच्या आवडीचा विषय. प्रश्न आधी ठरवू नका. निबंध झाला की जो बसेल तो लावा. नवा फॉर्म १ ऑगस्टला उघडतो, बऱ्याच कॉलेजांची अर्ली मुदत, म्हणजे लवकर अर्ज करणाऱ्यांची, १ नोव्हेंबरच्या आसपास असते, आणि त्याच काळात बारावीची सहामाही आणि क्लासच्या टेस्ट येतात. म्हणून कच्चा खर्डा उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरसमोर बसून झालेला बरा.

माझ्या पहिल्या खर्ड्यात ६४० पैकी जवळजवळ ४०० शब्द आजोबांवर होते. प्रवेश मागणारी मी, आणि कागदावर मीच नव्हते. हे नुसतं वाचून लक्षात येत नाही. प्रिंट काढा आणि दोन रंगांचे हायलायटर घ्या. आजोबांबद्दलचं प्रत्येक वाक्य पिवळं करा. तुम्ही काय केलं, काय वाटलं, कुठे चुकलात ते हिरवं. हिरवं निम्म्याहून बरंच जास्त दिसेपर्यंत कापत राहा.

मग ‘संयम शिकवला’ हे वाक्य काढून त्या जागी काहीतरी घडताना दाखवायचं. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत आंबिया बहारासाठी (हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी) हिवाळ्यात ओलीत बंद करून झाडाला ताण देतात. पानं मलूल झाली की पुन्हा पाणी सोडतात आणि झाड फुलावर येतं. ताण नेमका कधी तोडायचा, हाच खरा निर्णय. वीतभर खणून माती मुठीत दाबायची. गोळा टिकला तर ओल अजून आहे. निबंधात मी तेवढाच एक क्षण ठेवला: माझ्या मते पाणी सोडायची वेळ झाली होती, हातातला गोळा मात्र फुटत नव्हता. आजोबांना तिथे एकच वाक्य आहे. उरलेला परिच्छेद माझ्या घाईचा, आणि ती घाई मला अभ्यासातही कुठे नडते त्याचा.

‘ताण’ला इंग्रजीत नुसतं ‘स्ट्रेस’ लिहिलं तर वाचणारा मानसिक ताण समजेल. तिथे मूळ शब्द ठेवून त्याच वाक्यात अर्थ उलगडला. असे शब्द एक-दोनच पेलतात.

शाळेच्या निबंधाची सवय इथे फार नडते. सुरुवातीचा सुविचार आणि शेवटचं तात्पर्य दोन्ही काढून टाका, निबंध बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या वाक्यापासूनच सुरू झालेला असतो. बक्षिसांची यादीही नको. त्यासाठी फॉर्ममध्ये दहा उपक्रमांची वेगळी जागा आहे आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात. वाचायला दोघांनाच द्या, त्यांच्या हातात पेन देऊ नका. ‘यात मी कुठे दिसते?’ एवढंच विचारा. मोठी माणसं दुरुस्त करायला बसली की साध्या शब्दांच्या जागी जड शब्द येतात आणि सतरा वर्षांच्या मुलीचा आवाज जातो. हे नुकसान नंतर भरून काढणं फार कठीण.

मजकूर चौकटीत चिकटवल्यावर परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी आहे ना ते पाहा, आणि पाठवण्याआधी प्रीव्ह्यूची पीडीएफ उघडून शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. एका कॉलेजला पाठवलेला निबंध तिथे तसाच राहतो. पुढच्या कॉलेजांना पाठवण्याआधी मात्र तो बदलता येतो.