वॅक्स नव्हतंच ते

तेलविहिरीत तारेने अवजारं सोडणाऱ्या वायरलाइनवाल्यांनी गेज कटर (नळी मोकळी आहे का ते पाहायचं अवजार) वर काढला तेव्हा त्याच्या कडेला काळे, चकचकीत कपचे चिकटले होते. नखाने दाबले की काचेसारखे तडकायचे. कटर 900 मीटरच्या आसपास अडला होता आणि विहिरीचं उत्पादन महिन्याभरात निम्म्यावर आलं होतं.

"वॅक्सच आहे, तेलातलं मेण. पुन्हा गरम डिझेल सोडा," प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले. हा प्रयोग आधीच्या आठवड्यात झाला होता. दोन दिवस बरं चाललं, मग पहिल्यापेक्षा वाईट.

मला खटकली ती खोली. वॅक्स धरतं ते सहसा वर, जिथे तेल थंड होतं तिथे. 900 मीटरवर तेल चांगलंच गरम होतं.

लॅबमध्ये चिमूटभर कपचे हॉटप्लेटवर ठेवले. वॅक्स असतं तर वितळून पसरलं असतं. हे जागचे हलले नाहीत. मग दोन टेस्ट ट्यूब घेतल्या. हेप्टेनमध्ये कपचे तळाशी तसेच बसून राहिले, वरचा द्रव जवळपास नितळ. टोल्युईनची नळी मात्र दोनदा हलवेपर्यंत कडक कॉफीच्या रंगाची झाली. म्हणजे हे कच्च्या तेलातलं सर्वांत जड, डांबरासारखं द्रव्य: अॅस्फाल्टीन. अ‍ॅस्फाल्टीनची व्याख्याच ही: हेप्टेनमध्ये विरघळत नाही, टोल्युईनमध्ये विरघळतं. आणि डिझेल पडलं बहुतांशी हेप्टेनच्याच कुळातलं, म्हणजे आम्ही स्वतःच गाळ वाढवत होतो.

साहेबांना पटेना. "इतकी वर्षं हेच जड तेल काढतोय, कधी त्रास नाही झाला." बरोबरच होतं. जड तेलात अ‍ॅस्फाल्टीन भरपूर, पण त्याला सांभाळून धरणारे रेझिन आणि अ‍ॅरोमॅटिक्सही भरपूर. नुसत्या टक्केवारीवरून त्रास ओळखता येत नाही. अ‍ॅस्फाल्टीन जेमतेम असलेली हलकी तेलंच जास्त छळतात.

मी गॅसचे जुने रिपोर्ट काढले. तेल पुढे ढकलायला शेजारच्या इंजेक्शन विहिरीतून जमिनीत सोडलेला कार्बन डायऑक्साइड आमच्या विहिरीत पोहोचला होता. प्रत्येक रिपोर्टमध्ये त्याचं प्रमाण आधीपेक्षा जास्त. तो तेलात विरघळला की तेलाची अ‍ॅस्फाल्टीन धरून ठेवायची ताकद घटते. त्यात वर येताना दाब उतरतो, आणि बबल पॉइंटच्या (ज्या दाबाला तेलातला वायू बुडबुडे होऊन सुटू लागतो) जवळपास गाळ सर्वांत जास्त सुटतो. तो दाब आमच्या ट्यूबिंगमध्ये (तेल वर आणणाऱ्या नळीत) कुठे येतो, ते मोजून पाहिलं. 900 मीटरपेक्षा थोडं खोल.

साहेबांनी आकडा वाचला, चष्मा काढला आणि झायलीनची, टोल्युईनच्याच कुळातल्या द्रावकाची, ऑर्डर दिली.

रात्रभर झायलीन मुरवलं. सकाळी कटर सरळ खाली गेला. "आता किती दिवस?" साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, इंजेक्शन चालू आहे तोवर कटर गाडीतून उतरवू नका. तीन आठवड्यांनी तो पुन्हा अडला, तेव्हा झायलीन आधीच येऊन पडलं होतं.