शेतीच्या पाइपातून रॉकेट : आमची वाटचाल

लातूरच्या एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. भारताच्या अंतराळ मोहिमांतली रॉकेटं, उपग्रह आणि लँडर यांच्या प्रतिकृती आम्ही तिथे बनवतो. गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः शाळा. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड, परभणी, हिंगोली या भागातल्या जिल्हा परिषदेच्या आणि खाजगी संस्थांच्या. शिवाय काही कॉलेजं, गावोगावची वाचनालयं आणि गणपतीच्या दिवसांत मंडळं.

आमच्या मालाची एक खासियत आहे आणि तिच्याबद्दल सांगावं म्हणूनच लिहायला बसलो. आमची रॉकेटं सुटी होतात आणि एकाचा भाग दुसऱ्याला बसतो. खऱ्या रॉकेटांचंही असंच आहे, हे आम्हाला काम करता करता कळलं. आज सगळा धंदा त्या एका गोष्टीवर उभा आहे.

वडिलांचं दुकान शेती पाइपांचं. पीव्हीसी पाइप, एल्बो, टी, ठिबकचं सामान. मी आयटीआयला टर्नर झालो आणि दुकानामागच्या शेडमध्ये एक जुना लेथ टाकला. पंपाचे शाफ्ट, बुश अशी कामं चालायची. २००८ च्या दिवाळीच्या सुमाराला औसा तालुक्यातले एक गुरुजी पाइप घ्यायला आले. २२ ऑक्टोबरला पीएसएलव्ही चांद्रयान-१ घेऊन उडालं होतं आणि विज्ञान प्रदर्शनात त्यांना ते रॉकेट मुलांकडून उभं करून घ्यायचं होतं. खिशात पेपरातलं कात्रण होतं. त्यांना टोकाचा भाग मी लेथवर लाकडात काढून दिला. प्रदर्शन पाहून शेजारच्या शाळांनी विचारलं. त्यात १४ नोव्हेंबरला चांद्रयानातून सोडलेला, तिरंगा रंगवलेला छोटा प्रोब चंद्रावर आदळला आणि विचारणा वाढत गेली. सुरुवात झाली ती अशी.

धाकटा भाऊ तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून आला आणि कामाला शिस्त आली. त्याने ठरवलं, सगळी रॉकेटं एकाच प्रमाणात बनवायची, १:५०. म्हणजे शेजारी शेजारी ठेवली की कोण केवढं ते पोरांना न सांगता दिसेल. एसएलव्ही-३ या जुन्या भारतीय रॉकेटाची उंची २२ मीटर आणि जाडी १ मीटर. पन्नासाने भागलं की ४४ सेंटिमीटर उंच, २० मिलिमीटर जाड. वीस मिलिमीटर म्हणजे लाइट फिटिंगचा पाइप, इलेक्ट्रिकच्या कुठल्याही दुकानात मिळतो. एलव्हीएम-३ या आपल्या सगळ्यात ताकदवान रॉकेटाच्या दोन्ही अंगांना बांधलेले एस-२०० बूस्टर ३.२ मीटर जाडीचे. तिथे आमचा ६३ चा शेती पाइप जवळपास तंतोतंत बसतो. पीएसएलव्हीच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात खालच्या टप्प्याला मात्र जुळता पाइप बाजारात नाही, तो आम्ही पत्रा वळवून करतो.

मग भावाने पीएसएलव्हीच्या कडेचे बूस्टर मोजायला घेतले. तेही १ मीटर जाडीचे, म्हणजे पुन्हा तोच २० चा पाइप. दोन वेगळ्या रॉकेटांना एकच माप कसं, म्हणून आम्ही वाचायला लागलो आणि उत्तर मिळालं. एसएलव्ही-३ चा पहिला टप्पा, ज्याच्या जोरावर १८ जुलै १९८० ला ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत गेला, तोच पुढे सुधारून पीएसएलव्हीच्या कडेला बांधला गेला. ज्याने एकेकाळी अख्खं रॉकेट उचललं, तो आता मोठ्या रॉकेटाला सुरुवातीचा धक्का देतो. २३ मे २०१६ ला पुन्हा वापरता येणाऱ्या, पंखवाल्या यानाची चाचणी झाली तेव्हा ते यान वर नेणारी मोटरही त्याच कुळातली.

त्या दिवसापासून आम्ही वेगवेगळी रॉकेटं विकणं कमी केलं आणि ‘जोडसंच’ काढला. एका पेटीत सुटे भाग. ते लावून एसएलव्ही-३ उभं करा, मग सोडा आणि त्याचा पहिला टप्पा पीएसएलव्हीच्या कडेला लावा. द्रव इंधनावर चालणारं विकास इंजिन पीएसएलव्हीच्या दुसऱ्या टप्प्यात एक, जीएसएलव्ही रॉकेटाच्या चार बूस्टरांत एकेक आणि एलव्हीएम-३ च्या मधल्या खांबात दोन. जीएसएलव्हीचा तोच द्रव इंधनाचा बूस्टर एकटा उभा करून त्यावर गगनयानाची, म्हणजे माणसं अंतराळात नेण्याच्या मोहिमेची कुपी ठेवली की २१ ऑक्टोबर २०२३ चं चाचणी रॉकेट तयार होतं. त्या दिवशी उड्डाण चालू असताना कुपी रॉकेटापासून सोडवून पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरवली होती. माणूस वर बसलेला असताना काही बिघडलं तर त्याला कसं वाचवायचं, त्याची ती परीक्षा.

पेटी घेऊन आम्ही स्वतः शाळेत जातो. निलंग्याकडच्या एका शाळेत पाचवीतल्या पोराने कुपी उघडून पाहिली आणि विचारलं, “सर, ह्येच्यात माणूस कुठं बसायलाय?” तेव्हापासून कुपीत तीन खुर्च्या बसवतो. तीन जणांना ४०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत तीन दिवस ठेवून समुद्रात परत उतरवायचं, असा गगनयानाचा आराखडा आहे. त्याआधीच्या मानवरहित उड्डाणात व्योममित्र हा यंत्रमानव बसणार आहे. गगनयानासाठी निवडलेल्या चौघांपैकी शुभांशु शुक्ला २५ जून २०२५ ला उडालेल्या ॲक्सिऑम-४ या खाजगी मोहिमेतून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले, त्यानंतर ४१ वर्षांनी.

भिंतीवर आम्ही जुने फोटो लावतो. त्यात ॲपल उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला फोटो पाहून पोरं खूश होतात आणि मोठी माणसं हळहळतात, तेव्हा देशाकडे ट्रकसुद्धा नव्हता का म्हणून. मला हे पटवून द्यायला फार आवडतं. १९८१ च्या त्या दळणवळण उपग्रहाच्या ॲन्टेनाची चाचणी उघड्या मैदानात घ्यायची होती. लोखंडी गाडीने लहरी परावर्तित होऊन मोजमाप बिघडलं असतं. लाकडी बैलगाडीचा तो त्रास नव्हता. आमच्या शेतात उभी असणारी वस्तू त्या कामाला सगळ्यात योग्य ठरली, असं सांगितलं की वर्गात वेगळाच उत्साह येतो.

एका गोष्टीवर आम्ही ठाम आहोत. अपयशी मोहिमाही पेटीत राहणार. पीएसएलव्हीचं पहिलं उड्डाण २० सप्टेंबर १९९३ ला फसलं. आमच्या भागात तो महिना रॉकेटासाठी कुणाला आठवत नाही. दहाच दिवसांनी, ३० तारखेच्या पहाटे भूकंपात किल्लारी-सास्तूरची गावं झोपेत मातीखाली गेली. पण १५ ऑक्टोबर १९९४ ला तेच रॉकेट नीट उडालं आणि पुढे चांद्रयान-१, मंगळयान, सूर्याचा अभ्यास करणारं आदित्य-एल१ त्यानेच नेलं. १५ फेब्रुवारी २०१७ ला एका उड्डाणात १०४ उपग्रहही त्यानेच सोडले. अलीकडे, १८ मे २०२५ ला, तिसऱ्या टप्प्यात दाब घसरला आणि उपग्रह हातचा गेला. तेही आम्ही सांगतो.

२०१९ ला याची खरी कसोटी लागली. ७ सप्टेंबरच्या पहाटे चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला आणि त्याच आठवड्यात काही ऑर्डरी रद्द झाल्या. एका संस्थेने तर तयार झालेला लँडर परत पाठवला, पैसेही अडकले. आम्ही तो लँडर दारात मांडून ठेवला. आज जोडसंचात सगळ्यात जास्त शिकवणारी जोडी तीच आहे, चांद्रयान-२ चा लँडर आणि त्याच्या शेजारी चांद्रयान-३ चा. पोरांना म्हणायचं, फरक शोधा. पहिल्याला खाली पाच इंजिनं, दुसऱ्याला चार, मधलं काढलेलं. पाय जास्त मजबूत, कारण आता सेकंदाला ३ मीटर वेगाने टेकलं तरी सोसायला हवं होतं. सौर पट्ट्या मोठ्या. वेग मोजणारं लेझरचं नवं उपकरण. आणि नकाशावर उतरण्याची जागा आधी ५०० मीटर लांब-रुंद, नंतर ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर. शिवाय चांद्रयान-२ चा ऑर्बिटर वर फिरतच होता. नव्या लँडरने आल्यावर संपर्क साधला तो त्याच्याशी. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरला, त्यामागे चार वर्षांपूर्वीची ती पहाट आहे. पोरं हे फरक स्वतः मोजतात, तेव्हा नापास झालेल्या पेपराकडे कसं पाहायचं, यावर भाषण द्यावं लागत नाही.

त्या ऑगस्टनंतर काम पेलवेना. १९ सप्टेंबरला गणपती बसणार होते आणि मराठवाड्यातल्या अर्ध्या मंडळांना चंद्र हवा होता. बांबू, पुठ्ठा आणि कापडाचे माणसाहून उंच लँडर आम्ही रात्री जागून उभे केले. लँडरवरचं सोनेरी वेष्टण लावण्याचं काम बचत गटाच्या बायका करतात. त्यांच्यासारखा सफाईदार हात आमच्यापैकी कुणाचाच नाही. ते सोनं आहे का, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. ते पातळ प्लास्टिकच्या पापुद्र्यांचं उष्णतारोधक आवरण आहे. पापुद्र्यामागे ॲल्युमिनियमचा मुलामा असतो आणि पापुद्र्याच्या पिवळसर रंगातून तो सोनेरी दिसतो.

आमच्यासारख्या कोरडवाहू भागात रॉकेट कशाला, हेही विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, त्या उन्हाळ्यात आम्हीही घागरी घेऊन रांगेत होतो. मी उत्तर देतो ते पृथ्वीकडे पाहणाऱ्या उपग्रहांचं. १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१ए पासून ही मालिका चालू आहे. भूजल कुठे लागेल याचे नकाशे त्यांच्या चित्रांवरून झाले. दुष्काळ ठरवण्याच्या निकषांतही उपग्रहाने मोजलेला पिकांचा हिरवेपणा धरला जातो. आणि ३० जुलै २०२५ ला उडालेला निसार तर आमच्यासाठीच बनवल्यासारखा वाटतो. भारत आणि अमेरिकेचा हा उपग्रह १२ मीटर व्यासाच्या जाळीदार ॲन्टेनाने दर १२ दिवसांनी जमीन पुन्हा मोजतो, ढग असोत की रात्र असो. जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी त्याला कळतं, मातीतला ओलावाही कळतो. किल्लारी पाहिलेल्या आणि पावसाची वाट पाहणाऱ्या माणसाला याचं महत्त्व पटवायला वेळ लागत नाही. निसारची जाळी आम्ही मच्छरदाणीच्या कापडाची करतो, ती छत्रीसारखी उघडते.

३० डिसेंबर २०२४ ला आम्ही दोघं भाऊ श्रीहरिकोटाला पीएसएलव्ही-सी६० पाहायला गेलो. उड्डाण रात्री ९:५८ ला होतं, ते दोन मिनिटांनी पुढे ढकललं, कारण कक्षेत दुसरा एक उपग्रह जवळून जाणार होता. वर एवढी गर्दी झाली आहे, हे तिथे उभं राहून नीट समजलं. आधी उजेड, आवाज बऱ्याच वेळाने, आणि तो आवाज छातीत घुमतो. त्या रॉकेटात स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगाचे जुळे उपग्रह होते, प्रत्येकी २२० किलोचे. १६ जानेवारी २०२५ ला ते कक्षेत एकमेकांना जोडले गेले. ही कसब अंगी आणणारा भारत जगातला चौथा देश.

पुढची जवळजवळ प्रत्येक मोठी योजना या जोडणीवर टेकलेली आहे. चांद्रयान-४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २,१०४ कोटी. चंद्रावरची माती आणायची आहे आणि त्यासाठीचं सगळं सामान एका एलव्हीएम-३ ला झेपत नाही. म्हणून दोन उड्डाणं आणि वर गेल्यावर जोडणी. उतरणारा भाग, परत उडणारा भाग, माती घेऊन पृथ्वीकडे येणारा भाग, असे पाच भाग आहेत. भारतीय अंतराळ स्थानकही तुकड्यातुकड्याने जोडायचं आहे, पहिला भाग २०२८ ला, पूर्ण २०३५ पर्यंत. चंद्रावर भारतीय माणूस २०४० पर्यंत. आज पाचवीत असलेलं पोर तेव्हा पंचविशीत असेल, म्हणून हे वेळापत्रक मी मुद्दाम फळ्यावर लिहितो. याशिवाय शुक्राभोवती फिरणारं यान आहे. जपानबरोबरची चंद्रमोहीम आहे, तिचा रोव्हर २५० किलोचा, चांद्रयान-३ च्या प्रज्ञान या रोव्हरच्या सुमारे दहापट. आणि एलव्हीएम-३ च्या तिप्पट भार नेणारं, पहिला टप्पा पुन्हा वापरता येणारं नवं रॉकेट आहे.

सध्या वर्कशॉपमध्ये चांद्रयान-४ चा संच चालू आहे. पाचही भाग वेगळे, जोडणीसाठी दोन्हीकडे लोहचुंबक. भाऊ म्हणतो चुंबक इतका जोरदार नको, पोराला नेम धरून जोडावं लागलं पाहिजे. खऱ्या यानाची रूपरेषा जाहीर होत जाईल तसे भागांचे आकार बदलू, आणि आधी घेतलेल्या शाळांना बदललेले भाग फुकट पाठवू. नव्या रॉकेटाला हात लावलेला नाही, त्याची अंतिम मापं आल्याशिवाय लावणारही नाही. २३ ऑगस्टच्या राष्ट्रीय अंतराळ दिनासाठी ज्यांना पेटी हवी असेल त्यांनी जूनमध्ये शाळा उघडताच कळवावं. एसटी जाते तिथवर पार्सल पोहोचतं, पुढच्या गावांना आम्ही स्वतः घेऊन येतो.