दोन ऑक्लुजन आणि अण्णाचा पाय

माझ्या टेबलावर दिवसभर निळा कागद पडलेला असतो. वरच्या-खालच्या दातांच्या मध्ये तो धरायचा, आर्टिक्युलेटर (दातांचे साचे बसवायचं जबड्यासारखं यंत्र) टक्‌ करून मिटायचा आणि जिथं डाग गडद उमटेल तिथं क्राउन, म्हणजे दाताची टोपी, घासायचा. आम्ही लॅबमधले याला 'बाईट बघणं' म्हणतो, डॉक्टर लोक ऑक्लुजन म्हणतात. अकरा वर्षं हा शब्द माझ्यासाठी चांगलाच होता. ऑक्लुजन नीट बसलं की पेशंट खूश आणि काम परत येत नाही.

म्हणून मागच्या वर्षी माझ्या भावाच्या, अण्णाच्या पायाच्या डॉपलरवर (रक्त कसं वाहतं ते बघायची सोनोग्राफी) तोच शब्द वाचला तेव्हा मला आधी वाटलं, रिपोर्टच बदलून आला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मिटणं, बंद होणं. दात एकमेकांवर मिटले तर जेवता येतं. रक्तवाहिनी मिटली तर पाय जातो.

अण्णा तेव्हा एक्केचाळीसचा. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत पॉवरलूमवर, दिवसभर उभ्याचं काम. सतराव्या वर्षापासून विडी. विडी आमच्या घरात बाहेरून येत नाही, घरातच वळली जाते. वहिनी सुपात तंबाखू आणि तेंदूची पानं घेऊन बसते, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. सोलापुरात अशी किती घरं आहेत हे इथल्यांना सांगायला नको.

आधी त्याला चालताना पोटरीत गोळा यायचा. थांबला की पाच मिनिटांत जायचा. मग रात्री झोपेतही पाय दुखू लागला, पलंगावरून खाली सोडून बसला की बरं वाटायचं. मग करंगळीशेजारचं बोट काळं पडलं आणि जखम भरेना. अँजिओग्राफीत गुडघ्याखालच्या वाहिन्या बंद आणि त्यांच्या आजूबाजूला स्क्रूसारख्या पिळदार बारीक शाखा दिसल्या. डॉक्टर म्हणाले, बर्जरचा आजार. तंबाखू ओढणाऱ्या तरुण पुरुषांना जास्त होतो, बायपासला जोडायला पुढं चांगली वाहिनीच सापडत नाही बऱ्याचदा. गोळ्या चालू, विडी बंद. आणि जाता जाता म्हणाले, "कुठं ट्रायल चालू असेल तर बघा."

ट्रायल म्हणजे नव्या उपचाराची पेशंटवर घेतलेली चाचणी. ती कुठं बघायची ते नाही सांगितलं.

मी बघायच्या आधी व्हॉट्सॲपवर एक माणूस आला. स्टेम सेलची 'ट्रायल', पावणेदोन लाख रुपये, तीन इंजेक्शनं, पाय वाचण्याची हमी. भाऊजी एफडी मोडायला निघाले होते. मी त्याला सीटीआरआय नंबर विचारला, तर म्हणाला, मॅडम ते नंतर मिळतं. ट्रायलमध्ये हमी कोण देतं? हमी असती तर ट्रायल कशाला केली असती? आणि तपासायचं औषध आपल्यालाच विकत घ्यायला लावत असतील तर ते दुकान झालं.

सीटीआरआय म्हणजे भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही. आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २००७ मध्ये सुरू केली, आणि २०१८ च्या एप्रिलपासून पहिला पेशंट घेण्याआधीच नोंद करावी लागते. ती कुणालाही फुकट बघता येते. नोंद आहे म्हणजे औषध चांगलं असं मुळीच नाही, पण नोंदच नाही म्हटल्यावर पुढं बोलायचं कारण उरत नाही.

रात्री भाकऱ्या झाल्यावर फोन घेऊन बसले आणि शोधात टाकलं, ऑक्लुजन. आलं काय, तर निम्मं माझंच खातं! वेडेवाकडे दात, अलायनर, रूट कॅनालनंतर दात थोडा घासून बुटका केला तर दुखणं कमी होतं का, असलं. बरेचसे एमडीएसच्या, म्हणजे दातांचं पुढचं शिक्षण घेणाऱ्या पोरापोरींचे थिसिस, कारण तेही तिथं नोंदवतात. उरलेल्यात डोळ्याच्या पडद्याची शीर बंद, मेंदूची शीर बंद. अण्णाचा पाय कुठंच नाही. दोन रात्री अशाच गेल्या. मग अँजिओग्राफीच्या रिपोर्टवरचं बर्जरचं खरं लांबलचक नाव, थ्रोम्बोअँजायटिस ऑब्लिटरन्स, एकेक अक्षर बघून टाइप केलं, तेव्हा कामाची पानं आली. म्हणून सांगते, रिपोर्टवरचं रोगाचं पूर्ण नाव घ्या, लक्षणाचं नको.

पानावर आधी भरतीची अवस्था बघायची. मला आवडलेल्या पहिल्या दोन्ही कधीच संपलेल्या निघाल्या. मग गावं बघायची, मग कोणाला घेणार आणि कोणाला नाही याची यादी. संपर्काला दोन नावं असतात, एक शास्त्रीय शंकांसाठी, एक सामान्य लोकांसाठी. मी दुसऱ्याला फोन केला. तिसऱ्या दिवशी पुण्याहून कोऑर्डिनेटर बाईंचा फोन आला.

अण्णाचा पहिला प्रश्न, "मला उंदीर करायलीस का गं तू?"

सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला गेलो. संमतीचा कागद समोर आला तो इंग्रजीत. मी म्हटलं, मराठी द्या. पाऊण तास थांबवलं, पण दिला. समजेल त्या भाषेत देणं त्यांच्यावर बंधनकारकच आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, पण अण्णाची शाळा मराठी. चौदा पानं त्यानं बोट ठेवून वाचली. अर्ध्या लोकांना औषध, अर्ध्यांना त्याच रंगाचं नुसतं पाणी, आणि कोणाला काय हे डॉक्टरांनाही माहीत नसणार. यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे पाणी घ्यायला पुण्याला यायचं?" बाई हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "हो, तसंही होऊ शकतं. नेहमीच्या गोळ्या मात्र दोन्हीकडं चालूच राहतील. आणि तुम्ही कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकता."

शेवटच्या पानावर शिक्षण, धंदा, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचं नाव विचारलं होतं. वारसदार बघून अण्णाचं पेन थांबलं. "विमा आहे काय हा?" कारण साधं आहे: ट्रायलमुळं इजा झाली तर उपचार फुकट, आणि जीव गेला तर वारसाला भरपाई, असं ट्रायल्सच्या २०१९ च्या नियमांत आहे. पण कारण माहीत असूनही तो रकाना भरताना त्याचा हात हलला. वहिनीचं नाव त्यानं सावकाश, शाळेतल्यासारखं लिहिलं.

सही केली म्हणजे घेतलं असं नसतं. आधी स्क्रीनिंग. दंड आणि घोट्याच्या बीपीची तुलना, रक्त, जखमेचा फोटो, आणि लघवी. त्या लघवीत तंबाखू निघाला. अण्णानं आम्हाला सांगितलं होतं, सोडली. कारखान्याच्या मागं तीन-चार चालूच होत्या. नापास. येताना गाडीत दौंडपर्यंत आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

एक सांगायचं राहिलं. त्या चुकीच्या ऑक्लुजनमधलं एक पान मी जपून ठेवलं होतं. माझ्या लेकीचे पुढचे दात एकावर एक चढलेत. एका डेंटल कॉलेजात दोन प्रकारच्या तारांची तुलना चालू होती, कुठली कमी दुखते एवढंच बघायला. ती तेरा वर्षांची, त्यामुळं संमती माझी, पण तिचाही वेगळा होकार लेखी घेतला. रोज रात्री शून्य ते दहाच्या रेघेवर दुखण्याची खूण करते. पहिल्या आठवड्यात तिनं सगळीकडं अकरा लिहिले.

अण्णानं त्या गाडीतल्या दिवसापासून खरंच सोडली. वहिनी आता वळायला शेजारच्या घरी जाऊन बसते, येताना हात-तोंड धुऊन, साडी बदलून घरात येते. चार महिन्यांत बोटाचं टोक गेलं, पण जखम भरली. रात्रीचं दुखणं थांबलं. मी पुण्याला पुन्हा फोन केला. बाईंनी जखमेचं विचारलं, मी भरली म्हटलं. त्या म्हणाल्या, "मग आता ते यात बसत नाहीत. आम्हाला न भरणारी जखम किंवा झोपेत दुखणारा पाय लागतो."

अण्णाला सांगितलं. तो शेंगाचटणीशी भाकरी खात होता.

"म्हणजे आता मी पास का नापास?"

गेल्या रविवारी सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं दोनदा थांबून त्यानं अख्खी फेरी मारली. तिसऱ्यांदा थांबला तो कणसं भाजणाऱ्यापाशी.