डावा रकाना, उजवा रकाना: वाचनवहीचा आठवा महिना

मंडळी, गेल्या पाडव्याला सुरू केलेल्या वहीचा हिशेब देतोय. डाव्या रकान्यात वाचलेलं पुस्तक आणि उजव्या रकान्यात त्यामुळे रोजच्या जगण्यात काय बदललं ते, अशी साधी आखणी. कथा-कादंबऱ्या यात नाहीत. आत्मचरित्रं, आठवणी, ललित लेख एवढंच. अट एकच: बदल महिनाभर टिकला तरच उजवीकडे लिहायचा. आजवर डावीकडे १४ नोंदी आहेत, उजवीकडे ४. अर्धवट सोडलेली ५ पुस्तकं शेवटच्या पानावर लाल शाईत.

त्या पाचातली तीन एकाच कुळातली. पहाटे उठा, ध्येय लिहून आरशावर चिकटवा, अमुक सवयी लावा. फुटपाथवर ढिगाने मिळतात. एकाने मला सलग चार दिवस पाचला उठवलं. पाचव्या दिवशी मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये सर्वांदेखत घोरलो. मला सल्ला पचत नाही, तपशील पचतो. कोण किती वर्षं कुठून कुठे चालत गेलं हे वाचलं की माझे पाय शिवशिवतात.

आणि तसंच झालं. ज्येष्ठात धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' हाती आलं. मी पुण्यात कर्वेनगरात २२ वर्षं राहतोय. जुन्या कागदांवर अजून 'हिंगणे बुद्रुक' लिहिलेलं असतं, पण त्या नावाकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. कर्वे १८९१ पासून फर्ग्युसन कॉलेजमध्ये गणित शिकवत. विधवांसाठीचा त्यांचा आश्रम १८९६ मध्ये सुरू झाला आणि १९०० मध्ये गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर, एका झोपडीत गेला. त्यानंतर कॉलेज आणि आश्रम यांमधलं अंतर ते वर्षानुवर्षं पायी कापत होते. म्हणजे मी रोज स्कूटरवरून शिव्या घालत जातो, जवळपास तोच रस्ता!

आषाढातल्या एका रविवारी छत्री घेऊन निघालो. कर्वे पुतळा, पौड फाट्याला चहा, पुढे नळ स्टॉप, तिथे डोक्यावर पूल आणि पुलावर मेट्रो, मग गरवारे, डेक्कन, फर्ग्युसनचं फाटक. चहा धरून दीड तास. त्यांच्या वाटेवर चिखल होता, माझ्या वाटेवर फुटपाथवर चढलेल्या दुचाक्या. शिव्या दोघांनीही खाल्ल्या: त्यांनी विधवांना शिकवतात म्हणून, मी एका स्कूटरवाल्याला वाट दिली नाही म्हणून. (तुलना आगाऊ आहे, कळतंय.) माझं ऑफिस डेक्कनलाच असल्याने मंगळवारी आणि शुक्रवारी आता चालतच जातो. पावसाळ्यात सहा खाडे झाले, तेही वहीत आहेत. वजनाचं विचारू नका, वही त्यासाठी नाही.

पण त्या पुस्तकाने केलेलं खरं काम वेगळंच. मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी घाट चढून पायी सातारा गाठतो, आणि तिथे वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसूच देत नाहीत. एवढी पायपीट, आणि हाती काय तर परतीची वाट. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो. माझं एक प्रमोशन २०१६ मध्ये हुकलंय. घरी त्याची कीर्तनं इतकी झालीत की मुलगी पूर्वरंगापासून पाठ म्हणून दाखवते. नवरात्रात एकदा बायको म्हणाली, "अहो, महिना झाला, तुमच्या त्या इंटरव्ह्यूचा विषय नाही निघाला. बरं वाटत नाहीये का?" मी काही ठरवलं नव्हतं. उजव्या रकान्यात काय लिहावं सुचेना, शेवटी 'सातारा' एवढंच लिहिलं.

दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं. मराठी महिन्यांच्या क्रमाने लिहिलेलं, म्हणून मी तो तो महिना लागला की तेवढंच वाचतो. वाचनाचा वेग मोजणाऱ्यांना हे चालणार नाही. परिणाम कालनिर्णयवर दिसतो: दूधवाल्याच्या खुणांशेजारी 'बहावा, कोपऱ्यावरचा', 'ताम्हण' अशा नोंदी. सोसायटीच्या पिंपळाची पानं लाल होऊन येतात हे पन्नाशीत कळलं. उशीर झाला, पण ठीक.

अनिल अवचटांचं 'छंदांविषयी' वाचून ओरिगामी सुरू केली. बगळा करायला घ्यावा तर बदक होतं. तीन आठवड्यांत बंद.

सध्या रात्री जेवणानंतर आईला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवतोय. दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, पण बारीक टाइपाचा तिला कंटाळा येतो. १९३४ ते ३६ मध्ये चार भागांत आलेलं पुस्तक, पण लक्ष्मीबाई समोर बसून बोलतायत असं वाटतं. आई मध्येच थांबवते, लक्ष्मीबाईंच्या नवऱ्याशी, कवी ना. वा. टिळकांशी भांडते: "घरातलं देऊन टाकताना बायकोला विचारायचं नाही का?" लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं आलं, मीठसुद्धा धुवून घेण्याइतकं कडक. मी हसलो, तर ती म्हणाली, "करोनात तू दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतास, ते काय होतं?" मी पुढचं वाचायला लागलो.

अर्धा तास टीव्ही बंद राहतो. हा 'बदल' धरायचा का, यावर मी चार दिवस घातले आणि शेवटी धरला. तुमच्यापैकी कोणी मोठ्याने वाचत असेल तर सांगा: संवाद आला की आवाज बदलता का? मी बदलला तर आई म्हणते नाटकं नकोत.

एक व्यवहाराची गोष्ट. विकत घेतलेली पुस्तकं माझ्याकडून वाचून होत नाहीत, वाचनालयातली होतात, कारण परत करायची तारीख डोक्यावर असते. पुण्यात १८४८ पासून नगर वाचन मंदिर आहे आणि आपण अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत पिशव्या भरतो. मीही भरतो. डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरला की पुन्हा भरीन, हेही आत्ताच कबूल करतो.

प्रकाश आमट्यांचं 'प्रकाशवाटा' टेबलावर येऊन पडलंय, पण 'स्मृतिचित्रे'ची साठेक पानं उरलीत आणि शनिवारी ते परत करायचंय. रोज जरा जास्त वाचू म्हटलं तर आई म्हणाली, "दंड भर, पण भराभर वाचू नकोस."